जंगल आधी बंद झालं की रूळ आधी आले? बिलिमोरा-वघई नॅरोगेज आणि माझा चुकलेला सिनॉप्सिस

परतूरजवळच्या आमच्या गावात गोठ्याला जो उंबरठा आहे, तो रेल्वेचा जुना स्लीपर आहे. सहा फूट लांब, आठ इंच रुंद, दोन्ही टोकांकडे खिळ्यांची भोकं. माझे आबा मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लाईनवर गँगमन होते. खराब झालेले स्लीपर काढायचे, नवे घालायचे, खाली खडी भरायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली, तेव्हा निघालेल्या लाकडातला हा एक स्लीपर लिलावातून आमच्या घरी आला.

पीएचडीला नाव नोंदवल्यानंतर विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा मला सारखा हा उंबरठा दिसायचा. आबांना विचारलं, "हे लाकूड कुठलं असेल हो?" आबा म्हणाले, "आम्हाला काय ठाव बाबा, सिलीपर वॅगनमधून यायचे. आम्ही उतरवायचे." बस, तिथून सुरुवात झाली.

आजच्या लेखात दोन गोष्टी सांगणार आहे. एक म्हणजे आपल्या भागाजवळची एक खरी 'लाकडाची रेल्वे', तिचा इतिहास. दुसरी म्हणजे हा इतिहास वाचताना माझ्या सिनॉप्सिसमधलं मुख्य विधान कसं उलटं पडलं. पेट देऊन संशोधनाला लागणाऱ्यांना दुसऱ्या गोष्टीचा उपयोग जास्त होईल, पण ती पहिलीशिवाय कळणार नाही.

आधी हिशोब: एका रेल्वेला किती जंगल लागतं?

जालन्यातून जाणारी लाईन मुळात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. निजामाच्या राज्यातली मीटरगेज, मनमाड ते सिकंदराबाद, सुमारे ३९१ मैल. १९०० च्या आसपास ती सुरू झाली. आता साधा हिशोब करू. एका मैलात १,७६० यार्ड. दर यार्डाला एक स्लीपर धरला तर मैलाला १,७६० स्लीपर. ३९१ मैलांना ६ लाख ८८ हजार. मीटरगेजचा स्लीपर सहा फूट लांब, आठ इंच रुंद, साडेचार इंच जाड, म्हणजे दीड घनफूट लाकूड. एकूण सुमारे १० लाख ३० हजार घनफूट, आणि हे सगळं चिरून तयार झालेलं लाकूड. शिवाय स्लीपर कुजतो. त्याचं आयुष्य बारा वर्षं धरलं तर दरवर्षी ५७ हजार नवे स्लीपर हवेत.

हा आकडा मी पहिल्या सेमिनारमध्ये मोठ्या उत्साहानं मांडला. एका ज्येष्ठ मॅडमनी शांतपणे विचारलं, "सगळे स्लीपर लाकडीच होते असं तुम्ही कशावरून धरलं?" मी गप्प. भारतात लोखंडी स्लीपर, विशेषतः ओतीव लोखंडाचे, एकोणिसाव्या शतकापासून भरपूर वापरले गेले. म्हणजे माझा आकडा ही फार तर वरची मर्यादा. तो गणित म्हणून बरोबर होता, पण पुरावा म्हणून कच्चा होता. हा फरक पहिल्याच वर्षी कळला ते बरं झालं.

तरीही मोठं चित्र खोटं नाही. माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी दिलेले आकडे बघा: १८६० मध्ये देशात १,३४९ किलोमीटर रेल्वे होती, १९१० मध्ये ती ५१,६५८ किलोमीटर झाली. पन्नास वर्षांत सुमारे अडतीस पट. याच काळात, १८६४ मध्ये, डिट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ भारताचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला आणि १८७८ मध्ये दुसरा, जास्त कडक. वनखात्याचा जन्म आणि स्लीपरची मागणी यांचा संबंध जवळपास सगळे इतिहासकार मान्य करतात. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं, त्यात वनखात्यामुळे गुराढोरांचं चरणं कसं बंद झालं याची तक्रार आहे. म्हणजे ज्यांच्यावर परिणाम झाला त्यांच्या बाजूनं बोलणारा मराठी पुरावाही आपल्याकडे आहे. तो सोडू नका.

लाकूड खाणारी रेल्वे आणि लाकूड वाहणारी रेल्वे

इथपर्यंत आपण लाकूड 'खाणाऱ्या' रेल्वेबद्दल बोललो. दुसरी असते लाकूड 'वाहणारी' रेल्वे. जंगलातून लाकूड बाहेर काढण्यासाठीच टाकलेले रूळ. जगभर अशा बहुतेक गाड्या नॅरोगेज होत्या, आणि त्याचं कारण डोंगर.

गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, मीटरगेज १,००० आणि नॅरोगेजमध्ये दोन प्रकार प्रमुख: ७६२ मिलिमीटर म्हणजे अडीच फूट आणि ६१० म्हणजे दोन फूट. १९०७ मध्ये सुरू झालेली माथेरानची गाडी दोन फुटी आहे. रूळ जवळ असले की वळण जास्त तीव्र घेता येतं. मग डोंगर फोडायचा खर्च वाचतो, लाईन डोंगराच्या अंगाअंगानं वळत जाते. इंजिन हलकं, रूळ हलके, पूल हलके. लाकडाच्या बाबतीत अजून एक सोय असते: भरलेली गाडी बहुतेक वेळा उताराला येते आणि रिकामी चढाला जाते. जड काम उतारच करतो.

अमेरिकेत मिशिगनमधल्या एफ्रेम शे नावाच्या लाकूड व्यापाऱ्यानं यासाठी खास गिअरचं इंजिन बनवलं, १८८१ मध्ये त्याला पेटंट मिळालं. हीच शे इंजिनं पुढे तैवानमधल्या अलिशानच्या डोंगरात गेली. तिथे जपानी राजवटीनं १९१२ मध्ये ७६२ मिलिमीटरची लाईन सुरू केली, ती आज पर्यटकांना नेते. भारतात कोचीन संस्थानानं परांबिकुलमच्या जंगलातून चालकुडीपर्यंत ट्रामवे बांधला. तो १९०७ मध्ये सुरू झाला आणि १९६३ मध्ये बंद झाला. त्याचं गेज मीटर होतं, पण काम पक्कं जंगलाचं. तीव्र उतारावर भरलेली वाघीण खाली येताना दोराच्या दुसऱ्या टोकाची रिकामी वाघीण वर ओढायची. इंजिनाची गरजच नाही.

आपल्याकडच्या नॅरोगेज लाईन आठवा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला कापसासाठी. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची, एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरची, ती पुढे आपल्या लातूरपर्यंत आली. तिथेही माल कापूस आणि धान्य, आणि पंढरपूरचे वारकरी. गोंदिया-नागभीड-चांदा ही बंगाल नागपूर रेल्वेची लाईन जंगलातून जायची, पण ती फक्त जंगलासाठी नव्हती. जालना जिल्ह्यात तर डोंगरी जंगलच नावापुरतं. भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या रांगेचा शेवट येतो तेवढंच. मग मराठी माणसाच्या पोहोचीतली, मुख्यतः सागवानासाठी बांधलेली नॅरोगेज कुठली? उत्तर मिळालं डांगमध्ये. बिलिमोरा-वघई.

बिलिमोरा-वघई: त्रेसष्ट किलोमीटर, अनेक राजवटी

नाशिक आणि धुळे जिल्ह्यांच्या पश्चिमेला, सह्याद्री उतरताना डांग लागतो. आज तो गुजरातमधला जिल्हा आहे. डांगी बोली मराठी, अहिराणी आणि गुजराती यांच्या मधली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डांग कुणाचा यावर मोठा वाद झाला आणि १९६० मध्ये तो गुजरातेत गेला. लोक मुख्यतः भिल्ल, कोकणा, वारली.

लाईन सुरू होते बिलिमोऱ्याला, मुंबई-सुरत मुख्य मार्गावर. हे गाव तेव्हा बडोदा संस्थानच्या नवसारी प्रांतात होतं. गाडी गणदेवी, चिखली रोड, रानकुवा, अनावल, उनाई असं करत वघईला जाते. उनाई वांसदा संस्थानात होतं आणि वघई डांगात. म्हणजे त्रेसष्ट किलोमीटरच्या प्रवासात ही गाडी गायकवाडांच्या मुलखातून निघून वांसद्याच्या राजाच्या हद्दीतून भिल्ल राजांच्या जंगलात पोहोचत होती, आणि त्या जंगलावर प्रत्यक्ष ताबा इंग्रजांच्या वनखात्याचा होता. एकाच लाईनची कागदपत्रं तीन-चार दप्तरांत का विखुरतात, ते इथे कळतं.

लाईन बांधली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानानं, ७६२ मिलिमीटर गेजवर. काम १९१३ च्या सुमारास सुरू झालं आणि टप्प्याटप्प्यानं वघईपर्यंत गेलं. गायकवाडांना नॅरोगेजचा अनुभव जुना होता. १८६२ मध्ये खंडेराव गायकवाडांच्या काळात मियागाम-डभोई ही अडीच फुटी लाईन सुरू झाली, तिच्यावर गाड्या बैल ओढायचे. पुढच्या वर्षी विलायतेहून इंजिनं आणली, पण रूळ इतके हलके की त्यांना वजन पेलेना. मग जड रूळ टाकून १८७३ मध्ये ती नीट सुरू झाली. भारतातली ही पहिली नॅरोगेज मानतात.

वघई लाईनचा हेतू डांगचा साग. बिलिमोरा हे अंबिका नदीच्या मुखाजवळचं बंदर, तिथला लाकडाचा व्यापार रेल्वेच्या आधीपासूनचा. आधी लाकूड बैलगाड्यांनी यायचं. आता ते वघईपर्यंत गाडीनं आणून वाघिणीत चढवायचं आणि बिलिमोऱ्याला ब्रॉडगेजवर द्यायचं. तिथून मुंबई, अहमदाबाद, कुठेही.

माझा सिनॉप्सिस आणि तारखांचा तक्ता

सिनॉप्सिसमध्ये मी असं लिहिलं होतं: "विसाव्या शतकाच्या आरंभी नॅरोगेज रेल्वेमुळे डांगचे जंगल बाहेरच्या बाजारपेठेला खुले झाले आणि त्यातून आदिवासींचे जंगलावरील हक्क संपुष्टात आले." वाक्य छान वाटतं. रेल्वे आली, जंगल गेलं, माणसं उघडी पडली. कुणीही मान डोलावेल.

गाईड सरांनी एवढंच सांगितलं: "तारखांचा एक तक्ता कर. एका पानावर. मग पुन्हा ये." मला वाटलं, हे काय शाळेतलं काम. पण केलं. तो तक्ता थोडक्यात असा:

- १८१८: पेशवाई संपली, खानदेश इंग्रजांकडे.
- १८२५: खानदेश भिल्ल कोअरची स्थापना, जेम्स आउट्रमच्या हाताखाली.
- १८३०: आउट्रमची डांगवर मोहीम.
- १८४२-४३: इंग्रजांचे डांगच्या राजांशी सागवानासाठी भाडेपट्ट्याचे करार.
- १८५३: मुंबई-ठाणे रेल्वे.
- १८६२: डांगचे करार नव्यानं.
- १८६४: मुंबई सुरतेला रेल्वेनं जोडली गेली. त्याच वर्षी वनखातं.
- १८६५, १८७८: वन कायदे.
- एकोणिसाव्या शतकाची शेवटची दोन दशकं आणि पुढची काही वर्षं: डांगमध्ये राखीव जंगलाची आखणी, फिरत्या शेतीवर बंधनं.
- १९०७, १९११, १९१४: डांगमध्ये उठाव, जंगलं पेटवली गेली.
- १९१३ च्या सुमारास: बिलिमोरा-वघई लाईनचं काम सुरू.

आता माझं वाक्य परत वाचा आणि तक्ता बघा. डांगचा साग बाहेरच्यांच्या हाती गेला तो रेल्वेच्या सत्तर वर्षं आधी, आणि तोही स्लीपरसाठी नाही. १८४२ मध्ये भारतात प्रवासी रेल्वे होतीच कुठे? तेव्हा साग हवा होता जहाजांना. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले कारागीर ब्रिटिश नौदलासाठी सागाच्या लढाऊ नौका बांधत होते. १८१७ ची 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे. मलबारचा साग कमी पडू लागला तसं लक्ष उत्तरेकडे वळलं.

हक्कांचंही तेच. लोकांची फिरती शेती, लाकूड, मोहाची फुलं यांवर बंधनं आली ती राखीव जंगलाच्या आखणीनं, रुळांच्या आधी. म्हणजे मी जे रेल्वेचा 'परिणाम' म्हणून लिहिलं होतं, ते रेल्वेच्या आधीच घडून गेलं होतं. परिणाम कारणाच्या आधी येत नाही. एवढी साधी गोष्ट मी तीनशे शब्दांत लपवून ठेवली होती, आणि ती मलाच दिसली नव्हती.

दोन दिवस अक्षरशः झोप नाही. विषय बदलावा लागतो की काय, फेलोशिपचं वर्ष वाया जातं की काय, असं सगळं मनात. आबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अरे, आधी रस्ता साफ करतेत, मंग रूळ टाकतेत. उलटं कसं होईल?"

मग रेल्वे का बांधली?

आबांच्या त्या वाक्यानं माझा प्रश्न फिरला. आधी मी विचारत होतो, रेल्वेनं जंगलाचं काय केलं? आता विचारू लागलो, जंगलाचं आधी काय झालं होतं, म्हणून तिथे रेल्वे बांधणं परवडलं?

डोंगरात रूळ टाकणं हा मोठा खर्च. तो करायचा तर पुढची तीस-चाळीस वर्षं दरसाल ठरावीक माल मिळेल ही खात्री हवी. लोक हवं तिथे शेती फिरवतात, हवं ते झाड तोडतात, राजे परस्पर व्यापाऱ्यांना परवाने देतात, अशा जंगलातून ती खात्री मिळत नाही. ती मिळते कूप पाडलेल्या जंगलातून. कूप म्हणजे तोडीसाठी आखलेला तुकडा: यंदा हा, पुढच्या वर्षी तो, असं करत अनेक वर्षांनी पुन्हा पहिल्यावर. हे वेळापत्रक चालवायचं तर बाकीच्यांना जंगलाबाहेर ठेवावं लागतं. आधी जंगल बंद झालं, बंद जंगलातून नियमित माल मिळण्याची शाश्वती आली, आणि त्या शाश्वतीवर रूळ पडले. माझ्या प्रबंधाचं आताचं विधान हे आहे.

पण इथे एक काळजी घ्यायला हवी. मुख्य मार्गांची स्लीपरची भूक हे वन कायद्यांमागचं एक कारण होतंच. म्हणून "रेल्वेचा संबंध नाही" असं म्हणणंही चूकच. दोन रेल्वे वेगळ्या करा: १८६० नंतरची लाकूड खाणारी मोठी रेल्वे कायद्याच्या मागे उभी आहे, आणि १९१३ नंतरची लाकूड वाहणारी छोटी रेल्वे कायद्याच्या पुढे. 'रेल्वे' हा एकच शब्द दोन्हींना वापरला की सगळा गोंधळ होतो. माझा झाला तसा.

दुसरी बाजू राजांची. गढवी, आमला, दहेर, पिंपरी, वासुर्णा अशी पाच प्रमुख राज्यं. एके काळी डांगचे हे राजे खाली गायकवाडी गावांतून गिरास वसूल करायचे. म्हणजे सपाटीवरची गावं डोंगराला पैसे द्यायची. करारांनंतर त्यांना लाकडाच्या बदल्यात ठरावीक रक्कम मिळू लागली. होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो आणि राजांच्या वारसांना आजही तिथे सालाना दिला जातो. अजय स्कारिया यांनी डांगवर जो ग्रंथ लिहिला आहे (१९९९), त्यात या सगळ्याकडे भिल्लांच्या स्वतःच्या कथांमधून पाहिलंय. जंगल जाण्याआधीचा काळ आणि नंतरचा काळ, अशी विभागणी लोकांच्या आठवणीत आहे. पर्यावरणाचा इतिहास करायचा असेल तर हा ग्रंथ वाचाच.

ज्यांच्या डोंगराला सपाटीची गावं पैसे द्यायची, त्याच डोंगरावर त्याच गायकवाडांचं इंजिन शिट्टी मारत चढलं. १९१४ च्या उठावाच्या आसपासच हे काम चालू होतं. दोन्ही घटनांचा थेट संबंध मी जोडत नाही, कारण जवळच्या तारखा हा पुरावा नव्हे. पण दोन्ही एकाच जंगलात, एकाच बंदोबस्ताच्या छायेत घडत होत्या, हे लक्षात ठेवूनच मी दप्तर चाळतो.

कोणता कागद काय सांगतो, काय लपवतो

हा भाग खास तुमच्यासाठी. छोट्या रेल्वेवर काम करायचं तर साधारण पाच प्रकारचे कागद लागतात.

पहिला, गॅझेटिअर. डांगसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशचा खंड (१८८०) बघा. बडोद्यासाठी एलियट यांचा खंड (१८८३) आणि मग देसाई व क्लार्क यांचं बडोदा राज्याचं गॅझेटिअर (१९२३). दोन्हींच्या मध्ये चाळीस वर्षं आहेत. एकाच गावाची नोंद दोन्हींत वाचली की रेल्वेच्या आधीचं आणि नंतरचं चित्र समोर येतं. पण गॅझेटिअर अधिकाऱ्याचं आहे. 'लोक आळशी आहेत' असं त्यात दिसलं तर लोक आळशी होते असं समजू नका. अधिकाऱ्याला मजूर हवे होते आणि ते मिळत नव्हते, असं वाचा.

दुसरा, संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल. लाईन, खर्च, उत्पन्न. इथे फायदा ठसठशीत दिसतो, तोटा 'दुरुस्ती' या सदरात जाऊन बसतो.

तिसरा, वनखात्याच्या कार्य आयोजना, ज्यांना वर्किंग प्लॅन म्हणतात. कुठला कूप कधी तोडायचा, ते यात. हा कागद कोरडा वाटतो, पण बंदी कुणावर आणि कशाची, ते सगळ्यात स्पष्ट इथेच.

चौथा, नकाशे. लाईन कुठून गेली यापेक्षा कुठे थांबली ते बघा. आपली ही गाडी वघईला थांबते, डांगच्या उंबऱ्यावर. कोचीनचा ट्रामवे जंगलाच्या आत शिरला होता. म्हणून त्याला 'जंगलाची रेल्वे' म्हणता येतं. वघईच्या लाईनला मी 'जंगलाला जोडणारी फीडर लाईन' म्हणतो. व्हायव्हात या एका शब्दावर अर्धा तास जाऊ शकतो.

पाचवा, लोकांचं बोलणं. लाकूड रुळापर्यंत आणलं कुणी? तोडणारे, ओढणारे, बैलगाडीवाले. अहवालात ते 'मजुरी' या एका ओळीत येतात. त्यांच्यासाठी मुलाखती, गाणी, गावांची नावं यांशिवाय मार्ग नाही.

भाषेचं आधीच ठरवा. बडोद्याच्या कारभारात मराठी माणसं भरपूर होती, त्यामुळे जुने कागद मोडीतही भेटतात. गुजराती वाचता यायलाच हवी. मी मोडी तीन महिन्यांत शिकलो, अजून अडखळतो. आणि वेळ हाताशी ठेवून जा. एका दप्तरात मी एका फाईलसाठी अकरा दिवस थांबलो, बाराव्या दिवशी कळलं की फाईलचा क्रमांकच मी चुकीचा लिहून दिला होता. तेव्हापासून क्रमांक दोनदा तपासतो.

लाकूड संपलं, गाडी राहिली

१९४९ मध्ये बडोद्याची रेल्वे बीबीसीआय रेल्वेत गेली आणि १९५१ मध्ये पश्चिम रेल्वे झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारनं जंगल कामगार सहकारी संस्थांची कल्पना उचलून धरली, कंत्राटदाराऐवजी कूप कामगारांच्या संस्थेला द्यायचा. पुढे लाकूड ट्रकवर गेलं. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर जंगलाकडे बघण्याची सरकारी नजरही बदलली. गाडीचं मूळ काम संपलं.

पण गाडी माणसांची झाली. मी बिलिमोऱ्याहून तिच्यात बसलो तेव्हा डब्यात कॉलेजची पोरं होती, भाजीच्या टोपल्या होत्या, दवाखान्यातून परतणाऱ्या बाया होत्या. त्रेसष्ट किलोमीटरला तीन तासांच्या वर लागतात. कोरोनाच्या काळात ती थांबली, २०२० च्या शेवटी तोट्यातल्या लाईनच्या यादीत तिचं नाव आलं, लोकांनी विरोध केला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

डांगचे लोक दर हंगामाला दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला उतरतात. यान ब्रेमन यांनी त्या मजुरांवर आयुष्यभर लिहिलं आहे. हे वाचताना मी मान वर केली, कारण दिवाळीनंतर आमच्या मंठा, घनसावंगी, अंबडकडची गावंही अशीच रिकामी होतात. माझे चुलते दहा वर्षं कोयता घेऊन गेलेत. जंगलातून लाकूड काढायला जो रस्ता झाला, त्याच दिशेनं पुढे माणसंही सपाटीकडे कामाला उतरली. आमच्याकडे जंगल नव्हतं, पण माणसं मात्र तशीच निघाली. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, एका सूत्रात बांधायची घाई मी करणार नाही. पण मुलाखतीत मला कुणी विचारलं, "जालन्याच्या मुलाला डांगशी काय घेणं?", तर माझ्याकडे आता उत्तर आहे.

जाता जाता

तुमचा सिनॉप्सिस पाठवण्याआधी तीन गोष्टी करा. एका पानाचा तारखांचा तक्ता करा आणि कारण परिणामाच्या आधी येतंय ना, ते बघा. प्रत्येक मोठा आकडा स्वतः मांडून बघा आणि त्यात काय गृहीत धरलंय ते समासात लिहा. आणि तुमचं मुख्य विधान रुळावर, शेतात, गिरणीत काम केलेल्या घरातल्या एखाद्या जुन्या माणसाला साध्या मराठीत सांगून बघा. त्याला पटलं नाही तर आधी त्याचं ऐका.

गोठ्यातला उंबरठा कुठल्या जंगलातला, हा प्रश्न मी सोडून दिला आहे. एका स्लीपरवरून जंगल ओळखता येत नाही. पण त्याच्यामुळे जो प्रश्न मिळाला तो चार वर्षं पुरेल इतका मोठा आहे. पुढच्या लेखात वर्किंग प्लॅन कसा वाचायचा ते एक प्रत्यक्ष पान घेऊन दाखवतो. तोवर तुमचे तक्ते कमेंटमध्ये टाका, एकमेकांचे तपासू.